शस्त्रसाठा पकडला, पुढे काय?

पोलिसांनी मोठा शस्त्रसाठा पकडला, की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ठराविक छायाचित्र प्रसिद्ध होते. लांब टेबलावर ओळीने मांडलेल्या रायफली, बाजूला काडतुसांचे ढीग, मागे उभे असलेले अधिकारी आणि तोंड झाकलेले आरोपी. 'मोठा घातपात टळला', अशी बातमी येते. वाचकाच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपते. कायद्याच्या दृष्टीने ते तेथे सुरू होते. टेबलावरची बंदूक आणि तिच्यामागे उभा असलेला माणूस यांचा संबंध न्यायालयात सिद्ध होण्यास अनेकदा दहा-दहा वर्षे लागतात. तो संबंध सिद्ध झाला नाही, तर उरते ते केवळ लोखंड.

महाराष्ट्रात २००६ मध्ये उघडकीस आलेले औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण या साऱ्या प्रवासाचे बोलके उदाहरण आहे. शस्त्रे पकडणे किती महत्त्वाचे असते आणि केवळ शस्त्रे पकडणे किती अपुरे असते, या दोन्ही गोष्टी या एकाच प्रकरणात दिसतात.

दोन मोटारी, एक पाठलाग

दिनांक ८ मे २००६. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाला (एटीएस) शस्त्रांची मोठी खेप जात असल्याची खबर मिळाली होती. चांदवड-मनमाड मार्गावर एक टाटा सुमो आणि एक इंडिका अशा दोन मोटारींचा पथकाने पाठलाग केला. सुमो हाती लागली. तिच्यातून सुमारे ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे जप्त झाली. तिघांना अटक झाली. पुढील काही दिवसांत नाशिक जिल्ह्यातून आणखी साठा हस्तगत करण्यात आला. सर्व मिळून ४३ किलो आरडीएक्स, १६ एके-४७ रायफली, ३,२०० काडतुसे आणि ५० हातबॉम्ब अशी मोजदाद झाली. या प्रकरणाला 'औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण' हे नाव पडले. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले असले, तरी न्यायालयीन कागदपत्रांत जुनेच नाव कायम आहे.

दुसरी मोटार, म्हणजे इंडिका, मात्र निसटली. ती चालवत होता बीड जिल्ह्यातील गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी. मालेगावला पोहोचून त्याने गाडी ओळखीच्या माणसाकडे सोपवली आणि तो पसार झाला. बांगलादेशमार्गे त्याने पाकिस्तान गाठले, असे पुढे तपासात निष्पन्न झाले. त्या वेळी सर्वांचे लक्ष जप्त झालेल्या रायफलींकडे होते. निसटलेल्या चालकाचे महत्त्व कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

बंदूक बेकायदा केव्हा ठरते?

भारतात शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क नाही. ती शासनाने दिलेली परवानगी आहे. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये भारतीय शस्त्र कायदा केला तो १८५७ च्या उठावाची आठवण ताजी असताना. एतद्देशीयांच्या हातात शस्त्र राहू नये, हा त्यामागचा हेतू उघड होता. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी शस्त्र अधिनियम, १९५९ आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. नव्या कायद्याने सामान्य नागरिकास परवान्याचा मार्ग मोकळा केला. पण परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हाच राहिला.

या कायद्यात अग्निशस्त्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग परवान्यावर मिळू शकणाऱ्या शस्त्रांचा. शेतीरक्षणासाठी वापरली जाणारी बारा बोअरची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठीचे रिव्हॉल्व्हर यांचा त्यात समावेश होतो. दुसरा वर्ग 'प्रतिबंधित शस्त्रां'चा. घोड्यावरचा दाब सुटेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून सलग गोळ्या सुटत राहतात, अशी स्वयंचलित शस्त्रे या वर्गात मोडतात. एके-४७ ही त्यांपैकीच. मिखाईल कलाश्निकोव्ह यांच्या रचनेची ही रायफल १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झाली. चिखल, धूळ, पाणी काहीही असले तरी न अडकता चालणारी आणि अल्प प्रशिक्षणाने वापरता येणारी, अशी तिची ख्याती झाली. ज्या गुणांमुळे ती सैनिकांना आवडली, त्याच गुणांमुळे ती जगभरच्या सशस्त्र टोळ्यांच्या हातीही गेली. सर्वसामान्य परवानाधारकास असे शस्त्र मिळूच शकत नाही. त्यामुळे सोळा एके-४७ एकत्र सापडतात, तेव्हा 'परवाना होता का', हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न उरतो तो एकच: ती कोणाची?

'ताबा' या शब्दाचे वजन

शस्त्र कायद्याखालील बहुतेक खटले 'ताबा' या एका शब्दाभोवती फिरतात. एखाद्याच्या कमरेला पिस्तूल सापडले, तर ताबा सिद्ध करणे सोपे असते. पण साठा मोटारीत, गोदामात, शेतातील खड्ड्यात किंवा भाड्याच्या खोलीत सापडला तर? मोटारीत चौघे बसलेले असतील, तर ताबा कोणाचा? खोलीच्या मालकाचा की भाडेकरूचा?

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात याचे सूत्र घालून दिले. शस्त्र प्रत्यक्ष अंगावर असलेच पाहिजे असे नाही. मात्र ते तेथे असल्याची जाणीव आरोपीला असली पाहिजे आणि त्यावर त्याचे नियंत्रण असले पाहिजे. जाणीव आणि नियंत्रण ही दोन्ही अंगे असतील, तरच कायद्याच्या दृष्टीने तो ताबा. त्यामुळे मोटारीत साठा सापडला, एवढ्यावर मोटारीतील प्रत्येक जण आपोआप दोषी ठरत नाही. मागच्या बाजूस काय ठेवले आहे, याची त्याला कल्पना होती, हे पोलिसांना दाखवावे लागते.

याची दुसरी बाजूही आहे. शस्त्र सापडले नाही म्हणून आरोपी सुटतोच, असे नाही. मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त याच्याकडील एके-५६ रायफल पोलिसांच्या हाती लागण्यापूर्वीच नष्ट करण्यात आली होती. तरीही ती त्याने बाळगली होती, हे इतर पुराव्यांवरून सिद्ध झाले. 'टाडा'खालील आरोपातून तो सुटला. पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. विशेष न्यायालयाने २००७ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा दिली आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षे केली. कटात सहभाग असो वा नसो, बेकायदा शस्त्राचा ताबा हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पंचनाम्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

शस्त्रसाठा पकडल्यानंतर पहिल्या काही तासांत जे कागद तयार होतात, त्यांवर पुढचा सारा खटला उभा राहतो. त्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे पंचनामा. झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यक्ती पंच म्हणून हजर असाव्यात, असे फौजदारी प्रक्रिया संहितेत सांगितलेले होते. कागदावर ही तरतूद सोपी वाटते. मध्यरात्री महामार्गावर पाठलाग करून गाडी अडवल्यावर तेथे स्वतंत्र पंच आणायचे कोठून, हा तपास अधिकाऱ्यांपुढचा नेहमीचा प्रश्न आहे. पोलिसांनी ओळखीच्याच पंचांना पुन्हा पुन्हा उभे केले, तर बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत नेमके त्यावर बोट ठेवतात.

पंचनाम्यात प्रत्येक शस्त्राचे वर्णन, त्यावरील क्रमांक, काडतुसांची संख्या आणि ती कोठून काढली याची नोंद असते. त्यानंतर प्रत्येक वस्तू बांधून, त्यावर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावून लाखेची मोहोर उमटवली जाते. मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात जमा होतो. नोंदवहीत त्याचा क्रमांक पडतो. तेथून तो प्रयोगशाळेत कोणी नेला, केव्हा नेला, मोहोर शाबूत होती का, या प्रत्येक टप्प्याची नोंद सलग असावी लागते. या साखळीतील एक कडी जरी निखळली, तरी 'जप्त झालेली रायफल आणि तपासलेली रायफल एकच कशावरून', असा प्रश्न उभा राहतो. पुराव्याअभावी सुटलेल्या अनेक प्रकरणांच्या मुळाशी असा एखादा कोरा राहिलेला रकाना असतो.

महाराष्ट्रात अशा शस्त्रांची तपासणी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत होते. या प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे आहे. तेथील शस्त्रतज्ज्ञांना प्रथम पाहायचे असते, की हे शस्त्र खरोखर गोळी झाडू शकते का. त्यासाठी चाचणीदाखल गोळी झाडली जाते. प्रत्येक नळीच्या आतील आवर्त खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि आघात करणाऱ्या पिनेचा ठसा काडतुसाच्या बुडावर राहतो. हे ठसे तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, पूर्वी एखाद्या गुन्ह्यात सापडलेल्या गोळीशी ताडून पाहता येतात. जप्त झालेली बंदूक आधी कोणाच्या जीवावर उठली होती का, हे कळण्याचा तो मार्ग आहे.

यानंतर येते मंजुरी. विनापरवाना शस्त्राच्या गुन्ह्यात खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. स्फोटके असतील, तर स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८ खाली वेगळी संमती लागते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक अधिनियम लावला, तर त्याची मंजुरी निराळी. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने कागदपत्रे वाचून, विचारपूर्वक ती दिली होती का, हेही न्यायालयात तपासले जाते.

पोलिसांपुढील कबुलीचे काय?

चित्रपटांत आरोपी पोलीस ठाण्यात गुन्हा कबूल करतो आणि खटला निकाली निघतो. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेली कबुली सर्वसाधारण कायद्यानुसार पुरावा म्हणून ग्राह्य नसते. ब्रिटिशकालीन पुरावा कायद्याने घातलेला हा निर्बंध नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्याला एकच महत्त्वाचा अपवाद. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला त्याच्या निवेदनाचा भाग पुराव्यात येतो. 'अमुक ठिकाणी पुरून ठेवले आहे, दाखवतो', असे सांगून आरोपी पोलिसांना व पंचांना घेऊन जातो आणि तेथून शस्त्रे निघतात. पोलिसांच्या भाषेत यालाच निवेदन पंचनामा म्हणतात. टप्प्याटप्प्याने साठे हाती लागतात, अशा प्रकरणांत या पंचनाम्यांना मोठे वजन असते.

महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ म्हणजे 'मोक्का' याबाबत अधिक कडक आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने नियमानुसार नोंदवलेला कबुलीजबाब त्यात ग्राह्य धरता येतो. जामीनही दुर्मीळ. त्यामुळे मोठ्या प्रकरणांत मोक्का लावण्याकडे तपास यंत्रणांचा कल असतो. पण या कायद्याच्या अटीही तितक्याच कडक आहेत. संघटित टोळी, तिची सातत्याने चालणारी बेकायदा कृत्ये आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रांची न्यायालयाने घेतलेली दखल, हे सारे दाखवावे लागते. एखादी खेप कितीही मोठी असली, तरी केवळ तिच्या आकारावरून मोक्का लागू होत नाही.

दहा वर्षांनी लागलेला निकाल

औरंगाबाद प्रकरणात पोलिसांनी मोक्का लावला होता. या कायद्याच्या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि खटला स्थगितीमुळे काही वर्षे रखडला. दरम्यान जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने जबिउद्दीन अन्सारीला भारताच्या हवाली केले. 'अबू जुंदाल' या नावाने तोवर तो देशभर माहीत झाला होता. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, त्या वेळी कराचीतील नियंत्रण कक्षातून हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. त्या आरोपाचा खटला वेगळा. शस्त्रसाठ्याच्या खटल्यातही त्याला आरोपी म्हणून उभे करण्यात आले.

विशेष मोक्का न्यायालयाने २८ जुलै २०१६ रोजी निकाल दिला. जुंदालसह बाराजण दोषी ठरले. आठजणांची निर्दोष मुक्तता झाली. २ ऑगस्ट २०१६ रोजी शिक्षा सुनावण्यात आली. सातजणांना जन्मठेप, दोघांना १४ वर्षे आणि तिघांना ८ वर्षे तुरुंगवास. गुजरातमधील २००२ च्या दंगलींनंतर तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी आणि विश्व हिंदू परिषदेचे नेते प्रवीण तोगडिया यांना लक्ष्य करण्याचा कट रचला गेला होता, हे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. न्यायालयाने कट मान्य केला. मोक्का मात्र लागू होत नसल्याचा निष्कर्ष काढला. शिक्षा झाल्या त्या शस्त्र कायदा, स्फोटकांविषयीचा कायदा, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आणि भारतीय दंड संहितेखाली.

हा निकाल दोन अर्थांनी वाचता येतो. विशेष कायदा गळून पडला तरी शिक्षा टिकल्या, कारण प्रत्यक्ष जप्तीचा पुरावा भक्कम होता. त्याच वेळी, आठजणांना निर्दोष ठरण्यासाठी दहा वर्षे वाट पाहावी लागली. खटला लांबतो तेव्हा त्याची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. साक्षीदारांची स्मृती पुसट होते, पंच गाव सोडून जातात, अधिकारी निवृत्त होतात. आणि जो दोषी नाही, त्याच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे निघून जातात.

साठा सापडतो, सूत्रधार निसटतो

शस्त्रे हाती लागली, पण महत्त्वाचा माणूस निसटला, असे केवळ २००६ मध्येच घडले असे नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह-२६ विमानातून हवाई छत्र्यांच्या साह्याने शेकडो एके जातीच्या रायफली आणि लाखो काडतुसे टाकण्यात आली. सकाळी गावकऱ्यांना शेतात शस्त्रांच्या पेट्या दिसल्या. काही शस्त्रे पोलिसांनी गोळा केली, काही गावोगावी पसार झाली. या कटाची पूर्वसूचना ब्रिटनकडून भारताला मिळाली होती. परंतु ती संबंधित जिल्ह्यापर्यंत वेळेत पोहोचली नाही.

काही दिवसांनी तेच विमान परतीच्या वाटेवर भारतीय हद्दीतून जात असताना भारतीय हवाई दलाने ते मुंबईत उतरवण्यास भाग पाडले. ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच आणि विमानाचे पाच कर्मचारी अटकेत सापडले. कटाचा सूत्रधार मानला गेलेला किम डेव्ही हा डॅनिश नागरिक मात्र मुंबई विमानतळावरूनच निसटला. कोलकात्याच्या न्यायालयाने २००० मध्ये पकडलेल्यांना जन्मठेप दिली. त्याच वर्षी विमान कर्मचाऱ्यांना रशियाच्या विनंतीवरून आणि २००४ मध्ये ब्लीचला, राष्ट्रपतींच्या माफीने सोडण्यात आले. डेव्हीचे प्रत्यार्पण डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नाकारले. ती शस्त्रे नेमकी कोणासाठी होती, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

खबर नसेल, तर साठा निघून जातो

पुरुलियात निदान शस्त्रे उघड्यावर पडली. रायगडच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये तेवढेही झाले नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरवण्यात आले. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काहींनी लाच घेऊन त्याकडे डोळेझाक केली, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. तस्करीची चांदी असेल, असे समजून काहींनी हात पुढे केला आणि त्याच वाटेने स्फोटके आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. शस्त्रसाठा पकडण्याची यंत्रणा एका जागी विकली गेली की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण नाही.

मोठ्या जप्तीमागे बहुधा कसलेले खबऱ्यांचे जाळे, फोनवरील पाळत आणि अनेक रात्रींचे जागरण असते. सीमेपलीकडून येणाऱ्या रायफली हा त्या प्रश्नाचा एक भाग झाला. रोजच्या गुन्हेगारीत दिसते ते गावठी पिस्तूल. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात, जळगावच्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या उमर्टीसारख्या गावांत असे कट्टे हाताने घडवले जातात आणि तेथून ते महाराष्ट्रातील शहरांत येतात. पुण्या-मुंबईत पकडलेल्या कट्ट्यांचा माग अनेकदा या पट्ट्यात जातो. शहरात शंभर कट्टे पकडले तरी भट्टी चालू राहिली, तर पुढच्या महिन्यात नवे कट्टे तयार असतात. त्यामुळे शस्त्र कोठे सापडले, याइतकेच ते कोठून आले, हे शोधणे तपासात महत्त्वाचे ठरते.

कायद्यातील नवे बदल

शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. एका व्यक्तीस पूर्वी तीन अग्निशस्त्रे बाळगता येत. ती मर्यादा दोनवर आली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. प्रतिबंधित शस्त्र बाळगल्याबद्दलची शिक्षा पूर्वी पाच ते दहा वर्षे होती. ती सात ते चौदा वर्षे करण्यात आली. प्रतिबंधित शस्त्रांच्या निर्मितीस व विक्रीस, तसेच शस्त्रांच्या बेकायदा व्यापारास दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. लग्नसमारंभात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला. अर्थात, गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदाच आरोपीस लागू होतो. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने दिलेले हे संरक्षण असल्याने जुन्या प्रकरणांत वाढीव शिक्षा देता येत नाहीत.

दुसरा बदल १ जुलै २०२४ पासून अमलात आला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले. लाखेची मोहोर आणि पंचांची सही यांच्या जोडीला आता चित्रफीत आली. जप्तीवरील वाद त्यामुळे कमी होण्याची अपेक्षा आहे. चित्रीकरण अर्धवट असेल, तर मात्र तोच मुद्दा बचावाच्या हाती पडेल.

घरातील जुन्या बंदुकीचे काय?

बेकायदा शस्त्र म्हटले की डोळ्यांसमोर टोळ्या येतात. पण अनेक सामान्य कुटुंबांतही नकळत कायदेभंग होत असतो. आजोबांच्या नावाचा परवाना, आजोबा निवर्तलेले आणि बंदूक माळ्यावर तशीच. ही स्थिती खेड्यापाड्यांत अपरिचित नाही. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, तो वारशाने आपोआप मिळत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला ते ठेवायचे असेल, तर त्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

जुन्या काळातील, दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या पुरातन अग्निशस्त्रांना कायद्याने सूट दिली आहे. वाड्याच्या भिंतीवरील गंजलेली ठासणीची बंदूक त्यात बसू शकते. ती खरोखर निकामी आहे की नाही, हे मात्र मालकाच्या मतावर ठरत नाही. शंका असेल तेथे पोलीस ठाण्यात नोंद करून घेणे हाच सुरक्षित मार्ग.

इंडिकाचा प्रश्न

खटल्यातील दोषी ठरलेल्यांची अपिले निकाली निघेपर्यंत मुद्देमाल सांभाळावा लागतो. त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाने शस्त्रे सरकारजमा होतात किंवा नष्ट केली जातात. ज्या टेबलावरच्या छायाचित्राने बातमी झाली, त्या रायफलींचा शेवट असा गाजावाजाशिवाय होतो.

औरंगाबाद प्रकरणात सोळा एके-४७ वेळीच पकडल्या गेल्या. त्यांनी काय घडले असते, याचा अंदाज मुंबईला दोन वर्षांनी आला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोरांच्या हातात दहा रायफली होत्या. १६६ जणांचे प्राण गेले आणि शहर सुमारे साठ तास वेठीस धरले गेले. २००६ मधील कारवाईचे मोल या आकड्यांशेजारी ठेवूनच करावे लागते. त्या रात्री अडवलेल्या सुमोने किती जीव वाचवले, याची गणती कोणत्याही पंचनाम्यात नाही.

त्याच रात्री पुढे निघून गेलेल्या इंडिकाची नोंदही त्याच प्रकरणात आहे. म्हणूनच यापुढे एखाद्या मोठ्या साठ्याची बातमी येईल, तेव्हा किती बंदुका सापडल्या, याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. त्या कोठून आल्या? कोणाकडे चालल्या होत्या? आणि त्या नेणाऱ्यांपैकी कोण अद्याप मोकळा आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे न्यायालयात टिकतील अशी मिळाली, तरच साठा खऱ्या अर्थाने पकडला गेला, असे म्हणता येते.